पुसलं तरी राहतं

प्रिय छकुले,

अक्षर वाकडं आलंय, घाईत लिहितेय. लहानपणी पाल दिसली की तू माझ्या पाठीमागे लपायचीस आणि मी झाडू घेऊन पुढे व्हायचे. आता माझीच पाचावर धारण बसलीय.

माझं काम तुला ठाऊक आहे. विजेची ओढाताण असते तेव्हा घरातलं कोणतं काम जरा थांबू शकेल, धुणं असो की पाणी तापवणं, ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो. प्रत्येक गोष्टीच्या आम्ही दोन वेळा ठेवतो: ती घडली कधी, आणि आम्हाला कळली कधी. घरच्यांनी मागाहून नोंदीत दुरुस्ती केली, तरी जुनी नोंद खाली तशीच राहते. माझ्याच आग्रहाने तुम्ही या प्रयोगात आलात. तुझ्या नवऱ्याने झटकन होकार दिला, तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

या थंडीत तुमचा खोलीतला हीटर भरदुपारी बंद पडू लागला. तुला विचारलं तर म्हणालीस, "अगं, मीच बंद करते, उकडतं." उकडतं? मी तर स्वेटरवर शाल घेऊन बसले होते. नोंदीत कारण लिहिलं होतं, 'प्रोग्रॅमने थांबवला'. मी खालची जुनी नोंद उघडली. हुकूम तुझ्या नवऱ्याने ऑफिसात बसून फोनवरून दिला होता, आणि कारण मागाहून बदललं होतं. मग मागचं सगळं चाळलं. आपण दोघी बोललो, की त्यानंतर तुझ्याकडचा हीटर बंद, पाणीही गार. दर वेळी, छकुले. बहिणीशी दोन शब्द बोलल्याची शिक्षा, आणि तू मला हसून सांगायचीस, सगळं छान चाललंय.

काल तो माझ्या प्रयोगशाळेत आला. बिस्किटं आणली, गोड गोड बोलला, आणि निघताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ताई, तुमच्याकडे जुनं काही कायमचं पुसता येतं का हो?" मी "येतं की" म्हटलं. खोटंच सांगितलं. तो गेल्यावर पाहिलं, तर तुमच्या बाहेरच्या दाराचं कुलूपही त्याने फोनला जोडून घेतलंय.

तुझा फोन तो वाचतो, म्हणून हे कागदावर. दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मैत्रीण आहेत. त्यांनी खुर्चीत बसवून हे तुझ्या हातात दिलं असेल, आणि तो बाहेर बाकावर असेल. दाढेला अजून वेळ लागेल, असं त्या त्याला सांगतील. 'त्याला काय वाटेल' हे आज मनात आणू नकोस. फोन खुर्चीतच राहू दे. त्यांच्या दवाखान्याचं मागचं दार गल्लीत उघडतं. मी गाडी चालू ठेवून बसलेय. ऊठ.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई