अचानक आलेली ओल

४ मार्च, सोमवार

वरच्या मजल्यावरचा पाईप फुटला. सकाळी बाइंडिंगचं दुकान उघडलं तर टेबलावर पाणी टपकतंय. कपाट ओढलं — मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी, मखमल चिकटवल्यासारखी. ग्रंथालयाची एकशेवीस पुस्तकं शिवायला आली होती. पुठ्ठ्यांवर पांढरी लव. आमची खळ पिठाची, बुरशीला आयतंच जेवण.

याच टेबलावर आई शिवायची. तिच्यामागे बावीस वर्षं मी.

५ मार्च

विम्याचा एजंट येऊन गेला. "ताई, एकच शब्द लक्षात ठेवा — अचानक. पाईप फुटून बुरशी आली तर कंपनी देते. जुनी मुरलेली ओल असेल तर नाही."

वास गेल्या वर्षापासून येतोय. हे फक्त इथे लिहिते. सर्व्हेअरला सांगणार नाही.

आमचे हे कोपऱ्यात पुस्तकं पुसत होते. ऐकून न ऐकल्यासारखं.

१२ मार्च

सर्व्हेअर बाई आल्या. तोंडाला मास्क, हातात भिंतीत टोचायचं यंत्र. "पहिल्यांदा कधी दिसलं?"

"चार तारखेला. अचानक." आवाज हलला नाही माझा. त्या लिहून घेत होत्या.

तेवढ्यात मागून हे — "वास तर वर्षभर येतोय. कपाटामागे मी दोनदा रंग मारलाय."

बाईंचं पेन थांबलं. "दोनदा?"

"हो. जूनमध्ये एकदा, नोव्हेंबरमध्ये एकदा."

कोणी विचारलं होतं? कुंपणानेच शेत खाल्लं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून लिहीत राहिल्या, तेच जास्त लागलं.

१३ मार्च

यांच्याशी एक शब्द बोलले नाही. माझा खोकला मात्र दिवसभर चालू. तो काय अबोला पाळणार!

१९ मार्च

पत्र आलं. "दीर्घकाळ मुरलेली ओल. दावा नामंजूर." दीड ओळ.

एजंट फोनवर म्हणाला, "यजमानांना हरिश्चंद्र व्हायला हाच मुहूर्त सापडला?"

दुपारी ग्रंथपाल स्वतः आले. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून नेली — लगद्याला. "बाई, तुमचा दोष नाही. पण पुढचं काम तुम्हाला देता यायचं नाही." चांगला माणूस. दारात पिशवी फाटली तेव्हा ओशाळला बिचारा. आम्ही दोघं वाकून गोळा करत बसलो, जणू ती पुस्तकं अजून कोणी वाचणार होतं.

घरी आल्यावर बोलू नये ते बोलले. "दुकान माझ्या आईचं होतं. तुमचं काय गेलं?" हे भांडी विसळत राहिले. मागे वळले नाहीत की नळ बंद केला नाही.

२४ मार्च

जागामालकाला किल्ली दिली. तो भिंत फोडणार आहे. कापायचं यंत्र आणि लाकडी दाबयंत्र टेम्पोतून गेलं. यंत्राचं जड चाक यांनी एकट्याने उचललं, मी हात लावला नाही.

आईनं शिकवलेलं सगळं आता माझ्या बोटांत तेवढं राहिलं. बोटांना काम नाही.

२ एप्रिल

सकाळी आंघोळ करून, वेणी घालून तयार झाले. चपला घालताना आठवलं, जायचं कुठेच नाही. तशीच दाराशी बसून राहिले.

यांनी विचारलं, "भाजी कुठली आणू?" म्हटलं, आणा कुठलीही.

९ एप्रिल

छातीच्या डॉक्टरांकडे गेले. खोकला बराच कमी आहे, म्हणून एकटीच. त्यांनी जुनी फाइल काढली. "जागा सोडलीत, उत्तम केलंत. फेब्रुवारीत यजमान रिपोर्ट न्यायला आले तेव्हाच मी बजावलं होतं — बुरशीनं फुफ्फुसं धरलीत, आणखी वर्षभर तिथे बसल्या तर काही खरं नाही."

मला हे म्हणाले होते, धुळीची ॲलर्जी.

फेब्रुवारीत. पाईप तर मार्चमध्ये फुटला.

घरी येऊन विचारलं. हे म्हणाले, "पैसे मिळाले असते तर भिंत रंगवून तू पुन्हा तिथेच बसली असतीस. रिपोर्ट दाखवला असता, तरी."

"नसते बसले," असं म्हणायला तोंड उघडलं. म्हणता आलं नाही.