कृष्णमेघ पिक्चर्सचे भागीदार

कामरगाव, १४ नोव्हें. १९५४

माधव आज आणखी एक पाहुणा घेऊन आला. माझा धाकटा भाऊ बाजारातून भाजी विसरतो, माणसं मात्र आणतो. हे रत्नपारखी. पुण्याचे म्हणे. पांढरे बूट. आपल्या काळ्या मातीत पांढरे बूट घालणारा एक तर मूर्ख, नाही तर लौकर निघणारा.

सिनेमा काढणार आहेत. रहस्यपट. 'कृष्णमेघ पिक्चर्स' नावाची कंपनी, तिचे भाग, म्हणजे शेअर, शेतकऱ्यांना विकायचे. कापूस निघाला, लोकांच्या हातात पैसा आहे, हे पुण्यात बसून बरोबर कळलं.

सुशीलानं, माझ्या भावजयीनं, चहा दिला. रत्नपारखींनी मला विचारलं, बाई, आपण शाळेत शिकवता, सिनेमा वगैरे पाहता का? म्हटलं, अमरावतीला ट्रेनिंगला होते तेव्हा दर रविवारी, इंग्रजीसुद्धा. जरा सावरून बसले.

२१ नोव्हें.

कारंज्याला तंबूतल्या सिनेमाला. तिकिटं रत्नपारखींनी (यापुढं नुसते र.) काढली. पूर्ण वेळ कानाशी प्रवचन. खुनी आधी दाखवायचा नाही. आधी भिंतीवर सावली, मग बूट, मग हात, तोंड सगळ्यात शेवटी. पडद्यामागं माणूस आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, बाईला नाही, म्हणून जीव वर येतो. सगळं खरं आहे. म्हणूनच चीड आली. माधव तोंड उघडं टाकून ऐकत होता. समोर पडद्यावर चाललेलं सोडून!

सुशीला तेवढी पडद्याकडे पाहत होती. परत येताना बैलबंडीत एकच वाक्य बोलली. "तिनं मागं वळून पाह्यलं नाही, म्हणून भेव वाटलं." त्या दिवसातलं एकमेव शहाणपणाचं वाक्य.

५ डिसें.

आमची ओसरी आता कंपनीचं ऑफिस. माधव 'स्थानिक संचालक'. भागाच्या प्रत्येक कागदावर त्याची सही. सहीखाली दोन रेघा मारायला शिकलाय. मॅट्रिकला तीनदा बसला तेव्हा एवढा सराव केला असता तर.

२ जाने. १९५५

पहिला नफा वाटला. ऐन बाजाराच्या दिवशी, चारचौघांत, नाव पुकारून. अजून सिनेमाचा एक इंच काढलेला नाही आणि नफा! र. ना विचारलं, कुठून आला? 'वितरकांची आगाऊ रक्कम.' गेल्या आठवड्यात शेजारच्या धनज गावच्या लोकांनी पैसे दिले, या आठवड्यात कामरगावच्या लोकांना नफा मिळाला. उद्या तिसऱ्या गावाकडून घेतील, धनजला देतील. माझ्या तिसरीतल्या मुलींना जमेल एवढा हिशेब. ज्यांनी नफा घेतला त्यांनी तो तिथंच परत कंपनीत घातला, वर आणखी टाकले. गावाची अक्कल!

माधवला सांगितलं. म्हणाला, "ताई, तू साऱ्यायले चोरच समजतं." साऱ्यांना नाही, म्हटलं. बाकीच्यांना मूर्ख समजते.

२० जाने.

नाल्याकाठचं वावर बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलंय. माधवला ते विकून भाग घ्यायचेत. माझी सही पाहिजे. दिली नाही. तेव्हापासून अबोला. एकाच घरात, सुशीलामार्फत निरोप. 'विचारतात, कंदील कुठं हाय.'

६ फेब्रु.

मुंबईची नायिका आजारी. (असेल तर.) र. म्हणतात, नुसती पाठ, हात आणि सावली पाहिजे, वहिनींची चण जुळते. बायकोला एकटीला बाजारात न पाठवणारा माधव लगेच हो म्हणाला. कंपनीचं काम! सुशीलाला कुणी विचारलं नाही. मी विचारलं. म्हणाली, जाते.

८ फेब्रु.

शूटिंग. गावाबाहेरच्या बंद जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ठेवायच्या माळ्याच्या लाकडी जिन्यावर. हसायला म्हणून गेले.

र. नी जिन्याखाली कॅमेरा मांडला, सगळ्या खिडक्यांना पोती लावली, एक सोडून. तिच्यापुढं बाज उभी केली. ऊन सुंभातून आत आलं तेव्हा भिंतीवर जाळं पडलं, अख्ख्या जिन्याला पुरेल एवढं. परातीत पाणी उन्हात ठेवून हलवायला लावलं; छतावर उजेड थरथरायला लागला. सुशीलाला म्हणाले, मागं कुणीतरी आहे, तुम्हाला ठाऊक आहे, पण वळायचं नाही.

"ठाऊक हाय तं पायात दिसलं पाह्यजे," ती म्हणाली. त्यांना की स्वतःलाच, कळलं नाही.

उतरली. मध्येच एका पायरीवर तिचा पाय थांबला, बोटांनी कड चाचपली, मग टेकला. जिनात कुणी खोकलं नाही. त्या भामट्याला काम येतं. हे मला मुळीच आवडलेलं नाही.

आणि सुशीलानं पुन्हा करू द्या म्हणून मागितलं. आधीचं नीट झालं नव्हतं म्हणे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात तिनं काही मागितलेलं मला आठवत नाही.

२७ फेब्रु.

र. मुंबईला. फिल्म 'धुण्याची' व्यवस्था पाहतो म्हणाले. कॅमेरा, आतल्या फिल्मसकट म्हणे, तारण म्हणून आमच्याकडे. माधव लोकांना तो देवासारखा लांबून दाखवतो. माझं मत: रिकामं खोकं. पहिल्यापासून रिकामं.

१९ मार्च

नफा बंद. र. चा पत्ता नाही. माधव स्वतः मुंबईला जाऊन आला. कंपनीच्या पत्त्यावर तांदळाचं गोदाम.

धनजची माणसं सकाळपासून ओसरीत. भांडत नाहीत, नुसती बसतात. एक म्हातारी माधवला म्हणाली, "कागदावर सही तुही हाय, बापा. त्या पांढऱ्या बुटवाल्याले मी वळखत नाही." माधव घरामागं जाऊन बसला.

मी सांगितलं होतं, असं म्हणायचं नाही ठरवलं होतं. दोनदा म्हटलं.

४ एप्रिल

कारंज्याहून ठाणेदार. पंचनामा. कॅमेरा अंगणात पाटावर ठेवला, अर्धं गाव भोवती. रिकामा निघाला तर शूटिंग नुसतं नाटक होतं हे उघड, मग खटला सोपा. त्यानं झाकणाच्या कडीवर अंगठा ठेवला.

सुशीला आतून आली. सरळ पुरुषांच्या घोळक्यात.

"उजेडात उघडू नोका. आत फिल्म असली तं खराब होऊन जाईल. त्यानंच सांगतलं होतं."

ठाणेदार हसला. माधव खेकसला, आत जा. ती गेली नाही. मी पुढं झाले. म्हटलं, साहेब, आत काही असलं तर तो पुरावा आहे, तुम्ही पंचांसमोर तो नासवताय. अंगठा निघाला. कॅमेरा काळ्या कापडात शिवला, लाखेचं सील, अकोल्याला रवाना.

मी कुणाची बाजू घेतली? त्या चोराची नक्कीच नाही.

१७ एप्रिल

माधव जामिनावर. स्वतः येऊन बोलला. नाल्याकाठचं वावर विकून निदान धनजच्या लोकांचं थोडं फेडू. म्हटलं, या कागदावर सही करते. रडला नाही. बराच वेळ दारात चप्पल शोधत राहिला, चप्पल पायात होती.

२ मे, अकोला

कोर्टाच्या हुकमानं कॅमेरा आज एका फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत उघडताहेत. माधवचा वकील म्हणतो, फिल्म निघू दे, म्हणजे याला खरंच काम चाललंय असं वाटलं होतं म्हणता येईल. धनजवाले रिकामा निघो म्हणून बसलेत. र. अजून सापडलेला नाही. नागपूरला पाहिला म्हणतात. इंदूरलाही पाहिला म्हणतात.

सुशीलाला मी घेऊन आले. मूर्तिजापूरहून गाडीत विचारलं, तुला काय वाटतं?

"तो मेला तुरुंगात सडो, ताई. पण मी उतरली ना, ते मले एकडाव पाह्याचं हाय."

ठाणेदार, कोर्टाचा माणूस, फोटोग्राफर आत. दार बंद. आम्ही बाहेर बाकावर. हे तिथंच लिहितेय. रिकामं खोकं, असं मी दोन महिने म्हणत आले, आणि आता

आत पाणी वाजतंय.

"धुऊन राह्यले," सुशीला म्हणाली.

हात धूत असतील, मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.