घर, हूक आणि विसरलेलं जर्मन यांची व्यवस्था

धनाजी, तुझी कंबर आता कशी आहे? खुर्चीत बसून दुखणारी कंबर आमच्या माथाडी टोळीत कोणी पाहिली नव्हती, तरी काळजी वाटतेच. सूनबाई मोनाली, तिकडे झाडं फुलली की तुला शिंका सुरू होतात, औषध घेतेस ना? मनस्वी बाळा, पुढचे दोन दात आले का? तेजश्री लेकी, रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतेस, की खांदेश्वर स्टेशनावर गेल्यावर आठवते? शालन इथंच समोर मेथी निवडत बसली आहे. तिला तब्येत विचारली तर म्हणाली, "मला काय धाड भरलीया?" म्हणजे बरी आहे. मीही खडखडीत आहे.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वाशीच्या वकीलबाई म्हणाल्या. "आजोबा, यातलं निम्मं कायद्याला लागत नाही." मी म्हटलं, "बाई, ते निम्मं घरच्यांना लागतं." त्या हसल्या आणि राहू दिलं.

तर मी, ज्ञानू भैरू शेलार, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त माथाडी कामगार, मूळचा पाटण तालुक्यातला, हल्ली राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, चष्मा लावून, चहा पिऊन, डोकं ठिकाणावर ठेवून आणि कोणी न ढकलता हे लिहून ठेवतो. मरायची मला बिलकूल घाई नाही. घाई आहे ती विमानाची! येत्या दोन मे रोजी मी आणि शालन आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, तीन महिन्यांसाठी जर्मनीला, धनाजीकडे. बॅग गुढीपाडव्यालाच भरून झाली आहे. रोज एकदा उघडून बघतो आणि परत लावतो. एवढं लांब जायचं तर मागचं लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप. याआधी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. कोपरखैरण्याचं राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. कांदा-बटाटा मार्केटात पस्तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहून ते झालं. माझ्या पश्चात ते शालनचं. ती हयात आहे तोवर तिला कोणी "आई, तू आता एकटी कशाला राहतेस" असं म्हणून हलवायचं नाही. तिच्यानंतर धनाजी आणि तेजश्री, दोघांना सारखं. लेकीला कमी देण्याची पद्धत आमच्या भावकीत आहे, ती माझ्या दारात संपली. पतपेढीत जे असेल ते शालनचं, तिनं कोणाला विचारायचं कारण नाही. या सगळ्याची अंमलबजावणी तेजश्रीनं करावी. ती जवळ राहते आणि कागद जपून ठेवते.

कलम २. गोण्या ओढायचा माझा लोखंडी हूक धनाजीला. लहानपणी शाळेच्या फॉर्मवर बापाचा धंदा लिहायला तू लाजायचास, ते मी पाहिलं होतं. आता जर्मनीत तुझ्या हपिसातले लोक विचारतात तेव्हा तूच अभिमानानं सांगतोस, हे मोनालीनं मला कळवलं. जुनं खातं मिटलं. हूक भिंतीला लाव. मात्र विमानात हातातल्या पिशवीत नेऊ नकोस.

कलम ३. पत्र्यात कोरलेली अक्षरं, पूर्ण संच, मनस्वीला. यावरून शाईचा बोळा फिरवला की गोणीवर अक्षर उठतं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढचं वाचायला शिकलो ते गोण्यांवरचे छाप बघून. आमचा मुकादम सिताराम मला पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर अंगठा पुढं करायला सांगायचा आणि हसायचा. ज्या दिवशी मी सही केली त्या दिवशी त्याचं तोंड बघायला हवं होतं! तो आता नाही. त्याला माफ केलं, पण लिहायचं सोडलं नाही. संच बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवला आहे.

कलम ४. हे कलम सगळ्यात मोठं आहे आणि त्यात माझी चूक आहे. ती मी स्वखुशीनं लिहून देतो.

मनस्वी चार वर्षांची असताना तिकडच्या बालवाडीत गेली आणि तिच्या तोंडात जर्मन भरलं. रविवारी फोनवर ती आमच्याशी मराठी बोलायला जायची, शब्द सापडायचा नाही, डोळे भरायचे. मला बघवेना. मी ठरवलं, पोर आपल्या भाषेत येऊ शकत नाही तर आपण तिच्या भाषेत जावं. मोबाईलवर फुकट शिकवतात. दोनशे पानी वही घेतली, सेक्टरच्या बागेत फेऱ्या मारत पाठांतर केलं. दोस्त गोटीराम म्हणायचा, "ज्ञान्या, जर्मन शिकून कंची गोणी उचलणार हाईस?" शेजारचे वामन मढवी, ज्यांच्या वाडवडिलांच्या भातशेतीवर आमची वसाहत उभी आहे, ते म्हणायचे, "ज्ञानूभाव, आमची बोली तुला तीस वर्सांत नाय आली, न् जर्मन येनार?" आलं! दीड वर्षात आलं. एका रविवारी मी मनस्वीला तिच्या भाषेत विचारलं, आज बालवाडीत काय केलंस? पोरीनं खुर्चीवरून उडी मारली. धनाजी मागून "आबा!" म्हणून ओरडला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण जपावं लागलं.

वर्षभर आम्ही दोघं धबाधबा जर्मन बोललो. ती हसायची, मी हसायचो. शेजारी बसलेली शालन विचारायची, "काय म्हणली?" मी अर्धं सांगायचो, अर्धं राहून जायचं. पुढं पुढं ती फोनच्या वेळी भाजी निवडायला उठायला लागली. "तुमचं झालं की सांगा," म्हणायची. मला वाटायचं, हिला कामं असतील.

गेल्या दिवाळीत मोनालीचा फोन आला. "आबा, रागावणार नसाल तर बोलते. आम्ही घरात नेमानं मराठी बोलतो. पण मनू आता उत्तर जर्मनमध्ये देते. म्हणते, आबांना येतं की, मग मी मराठी कोणासाठी बोलू?"

मी फोन ठेवला. शालनला सांगितलं. ती म्हणाली, "आज कळलं व्हय? नातीशी बोलायला मला दुभाष्या लागतुया, आन् त्यो बी घरातलाच."

जिच्या पोटी धनाजी झाला, तिला मीच तिच्या नातीपासून तोडलं होतं. प्रेमानं तोडलं, पण तोडलंच.

पुढच्या रविवारी मनस्वी बोलायला लागली तेव्हा मी कानामागं हात धरला. म्हटलं, "बाळा, आबांचं जर्मन गेलं." तिनं सोपे सोपे शब्द विचारून पाहिले. मी मान हलवत राहिलो. ती पाय आपटून रडली आणि पाच रविवार फोनवर आली नाही. तिसऱ्या रविवारी मी मोडलोच होतो, वही उघडली होती. शालननं ती काढून घेतली. "दम धरा. रुसलीया, मेली न्हाई. येतीया."

सहाव्या रविवारी फोन वाजला. मनस्वी होती आणि तिला आजी हवी होती.

"आजी, आबांना डॉक्टरकडे नेलं?"

"कशाला गं?"

"त्यांचे शब्द पडतात."

शालननं माझ्याकडं बघितलं. "व्हय बाई. म्हातारं झालं, पडायचंच."

"मग मी हळू बोलते," पोर म्हणाली. आणि खरंच हळू बोलायला लागली. मराठीत! तिला वाटलं, आज जर्मन गेलं तसं उद्या आबांचं मराठीही जाईल. म्हणून आता दर रविवारी ती फोनसमोर एकेक वस्तू धरते. "आबा, हा चमचा. म्हणा, चमचा." मी म्हणतो, "चमचा." "शाब्बास आबा!" शालन तोंडाला पदर लावून हसत असते. मला शिकवायचं तर स्वतःला यायला हवं, म्हणून ती आठवडाभर आईच्या मागं लागून शब्द गोळा करते. आणि मधेच मला सोडून आजीशी गप्पा मारत बसते. फोन आता शालनच्या हातात असतो. मला मागायला लागतो.

एकदा "किसणी" म्हणताना मी मुद्दाम अडखळलो आणि मोनालीला हसू फुटलं. तेव्हा मनस्वी आईकडं वळून जर्मनमध्ये म्हणाली, "हसू नकोस ना, आबा किती प्रयत्न करतात." मला अक्षर न् अक्षर समजलं. आणि मला काहीच समजलं नाही असा चेहरा ठेवून बसावं लागलं. पस्तीस वर्षांत एवढं ओझं मी उचललेलं नाही.

कलम ५. सबब, माझी जर्मनची वही मोनालीच्या ताब्यात द्यावी. तिनं खरं बोलून माझे कान उपटले, म्हणून ती तिचीच. तीन महिने मी तिकडं पाववाल्यासमोरही मुका राहणार आहे. धनाजी, तू मला हळूच काही विचारून फशी पाडायचं नाही.

कलम ६. मृत्युपत्र मेल्यावरच वाचावं असं कायद्यात नाही, मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. ज्या दिवशी मनस्वीला मराठी लिहिलेलं वाचता येईल, त्या दिवशी, मी असो वा नसो, हा कागद तिच्या हातात द्यावा. तोवर कलम ४ तिला कोणी सांगायचं नाही, वाचूनही दाखवायचं नाही. तिनं स्वतः वाचलं पाहिजे. आधी कळलं तर ती म्हणेल, आबांनी फसवलं. स्वतः वाचून कळलं तरी तेच म्हणेल, पण तेव्हा ते मराठीत म्हणेल.

मनस्वी, तू इथवर आलीस म्हणजे तुला सगळं कळलं. तुझे आबा खोटं बोलले. तुझे ते पाच रविवार मी परत देऊ शकत नाही. राग आला असेल तर धर, पण तो तुझ्या आजीवर नको.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, शालनला वाचून दाखवला. तिनं एका जागी "हे काढा" म्हटलं, ते काढलेलं नाही. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ज्ञानू भैरू शेलार (सही)

साक्षीदार:
१. गोटीराम रामू शेडगे, घणसोली (सही)
२. वामन हिरू मढवी, कोपरखैरणे (सही)

ठिकाण: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: १२ एप्रिल २०२६, रविवार

ता. क. मनस्वी, वाचून झालं की लगेच उत्तर लिही. मराठीत लिही, चुकलं तर खोडू नकोस, तसंच पाठव. मी असलो तर माझ्या नावानं, नसलो तर आजीच्या. आणि मी असलो, तर सगळ्यात खाली एक ओळ जर्मनमध्येही लिही. ती मला वाचता येईल.