डावखुरीच्या सर्व्हिसचा विकास

१ ऑगस्ट, सकाळ
यंदा सायंटिफिक. ठरलं म्हणजे ठरलं.
अकरा वर्षं मी कॉलेजच्या मुलींना टेनिस शिकवतोय. पण शिकवणं वेगळं आणि घडवणं वेगळं, हे परवा एका परदेशी कोचच्या व्हिडिओत ऐकलं. व्हिडिओ निम्माच पाहिला, नेट गेलं. मुद्दा मात्र डोक्यात पक्का बसला. यापुढे घडवणार.
घडवायला माल उत्तम आहे. डावखुरी, आमची नंबर एक. शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या निवड स्पर्धेत सेमीफायनलला थोडक्यात हरली, यंदा ऑक्टोबरमध्ये तिची शेवटची संधी. जी जिंकेल ती विद्यापीठ संघाची कॅप्टन. रिवाज असा की कॅप्टनने आपल्या कॉलेजमधल्या एकाचं नाव सांगायचं आणि त्याने संघाबरोबर जायचं. आजवर प्रत्येकीने आपल्या कोचचंच सांगितलंय. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या कोचना बसमध्ये चढताना बघतोय.
हे आपलं माहिती म्हणून लिहिलं. माझा हेतू केवळ तिचं भलं.

३ ऑगस्ट
दोष सापडला! दोन दिवस लागले, इतका लपून बसला होता. डावखुरीची सर्व्हिस नैसर्गिक आहे.
लहानपणी काकाच्या गॅरेजच्या दारावर चेंडू बडवून बडवून आलेली सर्व्हिस. चेंडू वर टाकते, मारते, तो बरोबर कोपऱ्यात पडतो. का पडतो, असं मी विचारलं. तर म्हणे, सर, असाच पडतो. इतकं अज्ञान घेऊन कॅप्टन होता येतं का?
निर्णय: सर्व्हिस मुळापासून बदलायची.

४ ऑगस्ट
आजपासून मुलींबरोबर रोज मैदानाला पाच फेऱ्या. कोचने स्वतः उदाहरण घालून द्यावं.
पहिल्या फेरीत त्यांना पुढे जाऊ दिलं. नेतृत्व म्हणजे मागून लक्ष ठेवणं. दुसऱ्या फेरीत गुडघा बोलू लागला. उरलेलं लक्ष बाकावर बसून ठेवलं.

१० ऑगस्ट
नवी सर्व्हिस तयार. चेंडू पूर्वीपेक्षा हातभर उंच, थोडा पुढे, गुडघे वाकलेले, कोपर वर, मनगट सैल, आणि मन रिकामं. मन रिकामं ठेवायचं ती विसरते, म्हणून प्रत्येक सर्व्हिसच्या आधी मी ओरडून आठवण करतो.
आज एकही चेंडू आत पडला नाही. अपेक्षितच होतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

१४ ऑगस्ट
आमचं कोर्ट लायब्ररीच्या मागे आहे. आज डावखुरीची एक सर्व्हिस वाचनकक्षाच्या खिडकीतून आत गेली. ग्रंथपालबाई चेंडू चिमटीत धरून बाहेर आल्या. मी त्यांना समजावलं की हा ताकद वाढल्याचा पुरावा आहे. त्या म्हणाल्या, ताकदीबरोबर दिशाही वाढली तर बरं होईल, आत मुलं परीक्षेचा अभ्यास करताहेत.
खेळाबद्दल लोकांना आस्थाच नाही.

२२ ऑगस्ट
आहाराचा तक्ता लावला. साखर बंद, तळलेलं बंद, कॅन्टीन बंद. चष्मेवालीने (दुसऱ्या वर्षाची, आमची नंबर दोन) विचारलं, सर, तुम्हीपण पाळणार का? अर्थात, असं मी ठणकावून सांगितलं.
संध्याकाळी बायकोने मला कॅन्टीनच्या मागच्या दारापाशी क्रीमच्या बिस्किटांसकट पाहिलं. ती याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे कुठेही उगवते. मी म्हटलं, आहार खेळाडूंसाठी असतो, कोच हा विचारवंत. ती दोन बिस्किटं घेऊन गेली.

२ सप्टेंबर
डावखुरीने विचारलं, सर, निदान स्पर्धेपुरती जुनी सर्व्हिस मारू का? डोळे खाली घालून विचारलं. मी प्रेमाने सांगितलं की अर्धी नदी पोहून गेल्यावर कुणी परत फिरत नाही.
ती म्हणाली, पण सर, बुडायला होतंय.
विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगली खूण.

५ सप्टेंबर
मुलींना नीट समजावं म्हणून आज मी स्वतः नवी सर्व्हिस करून दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिली जाळीत. दुसरी जाळीखाली. तिसऱ्या वेळी चेंडू वर टाकला तो ऊन डोळ्यांत आल्यामुळे दिसलाच नाही, माझ्याच डोक्यावर पडला. चष्मेवालीला एकदम खोकला आला. बाकीच्यांनाही आला. साथ दिसतेय.
रॅकेटच्या तारा सैल झाल्यात. बदलून घेणे.

१२ सप्टेंबर
शेजारच्या कॉलेजबरोबर मैत्रीपूर्ण सामना. डावखुरी त्यांच्या चार नंबरच्या मुलीकडून हरली. डबल फॉल्ट किती झाले ते मोजणं मी मध्येच सोडून दिलं. आकड्यांनी खेळाडूचं मन खचतं.
एंड (कोर्टाची बाजू) बदलताना ती बाकावर यायची तेव्हा मी थोडक्यात मुद्दे सांगत होतो: कोपर, मनगट, गुडघा, डावा पाय, श्वास, नजर, आत्मविश्वास. तिने विचारलं, सर, यातलं आधी काय करू? मी म्हटलं, सगळं एकदम.
चष्मेवाली जिंकली. तिच्याकडे लक्ष द्यायला मला ऑगस्टपासून वेळच झालेला नाही. लक्ष न देता ही जर इतकी जिंकते, तर दिल्यावर काय होईल! पुढचा नंबर तिचा.

१३ सप्टेंबर
चष्मेवालीला सांगितलं, उद्यापासून तुझ्या बॅकहँडवर काम. ती म्हणाली, उद्या दात काढायचाय. परवा? परवा दुसरा काढायचाय.
काय या वयात दातांची अवस्था!

१५ सप्टेंबर, रात्री जेवताना
बायको म्हणाली, तुमची ती डावखुरी मुलगी काल कपडे बदलायच्या खोलीत रडत होती. मी म्हटलं, कोर्टावर धूळ फार असते. ती म्हणाली, अहो, ती पूर्वी खेळताना हसायची. मी म्हटलं, हसण्यात एनर्जी वाया जाते. ती म्हणाली, तिला ह्या वर्षी नाही जमलं तर संपलं ना सगळं? मी म्हटलं, म्हणूनच तर.
मग तिने विचारलं की टेनिसमध्ये पंधरा, तीस, चाळीस असं का, पंचेचाळीस का नाही? लग्नाला पंधरा वर्षं झाली, हाच प्रश्न. मी म्हटलं, ते टेक्निकल आहे.
पण वाईट वाटलं. खरंच वाटलं. पोरगी गुणी आहे. लवकर येते, जाळी स्वतः बांधते, उलटून बोलत नाही. उद्यापासून तिला जास्त वेळ द्यायचा.

१६ सप्टेंबर
जास्त वेळ दिला. आता चेंडू वर टाकताना तिचा हात थरथरतो. स्नायूंना नवं ज्ञान होतंय.

३० सप्टेंबर
प्राचार्यांनी बोलावून विचारलं, तयारी कशी आहे? मी म्हटलं, शंभर टक्के. ते म्हणाले, ग्रंथपाल काही वेगळं सांगत होत्या. मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.
परतताना विद्यापीठाच्या बसमध्ये कोच पुढच्या सीटवर बसतात की मागच्या, याची सहज चौकशी केली. पुढच्या. खिडकीशी.

१७ ऑक्टोबर
निवड स्पर्धा सुरू. पहिली फेरी. प्रतिस्पर्धी आजारातून उठलेली, त्यामुळे डावखुरी निभावली. पंचांनी मला ताकीद दिली की पॉइंट चालू असताना बोलायचं नाही, फक्त एंड बदलताना. मी म्हटलं, मी बोलत नव्हतो, श्वास घ्यायची आठवण करत होतो. ते म्हणाले, ती आपोआप घेते.

१८ ऑक्टोबर
आज जे झालं ते शांतपणे लिहायचं ठरवलंय.
क्वार्टर फायनल. पहिला सेट आमच्या हातून जवळजवळ गेलेला, दोन-पाच. डावखुरीचा चेहरा पांढराफटक. सर्व्हिस करताना तीनदा चेंडू वर टाकून तीनदा हातात धरला. इतके दिवस घडवलेली मुलगी डोळ्यांदेखत विसरत होती. राहवलं नाही. ओरडलो, कोपर! पंच माझ्याकडे वळले. त्यांच्याकडे बघतच ओरडलो, मनगट! मग त्यांचं आणि माझं थोडं तात्त्विक बोलणं झालं. त्यांनी मला कोर्टाबाहेर काढलं.
नियम असा की बाकावर कॉलेजचं कुणीतरी हवंच, नाहीतर सामना गेला. सुट्टी म्हणून बायको उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बघायला आली होती. पंचांनी तिलाच बसवलं.
मला कुंपणापलीकडे, पार्किंगमध्ये जागा मिळाली. मध्ये झाड. फांद्यांमधून बाक तेवढं दिसत होतं. मी कोपर वर करून खुणा करत होतो, तर एका ड्रायव्हरला वाटलं मी त्याला गाडी मागे घ्यायला सांगतोय. त्याने घेतली. मागच्या स्कूटरचं थोडं नुकसान झालं.
बायको लाल पेनने पेपर तपासत बसली होती! एकदाही वर बघत नव्हती. एंड बदलताना डावखुरी आली की पेपर बाजूला सरकवून तिला बसायला जागा द्यायची, बस. एकदा काहीतरी बोलली आणि डावखुरी मोठ्याने हसली. मी डोक्याला हात लावला. एनर्जी!
डावखुरी जिंकली.
घरी येताना बायकोला विचारलं, काय सांगितलंस तिला? म्हणे, काही नाही, एका मुलाने पेपरात लिहिलेलं उत्तर वाचून दाखवलं. आणि तिने विचारलं, मॅडम, मी माझी जुनी सर्व्हिस मारू का? मी म्हटलं, मला कुठली जुनी कुठली नवी काय कळतंय, तुला आवडेल ती मार.
विश्लेषण: नव्या सर्व्हिसमुळे पाया इतका पक्का झाला की आता तिला जुनीसुद्धा जमते.

१९ ऑक्टोबर
बंदी कायम. पुन्हा पार्किंग. पुन्हा पेपर. सेमीफायनल सरळ दोन सेटमध्ये.

२० ऑक्टोबर
फायनल! गेल्या वर्षीची विजेती समोर. तिसऱ्या सेटपर्यंत गेलं. डावखुरीची शेवटची सर्व्हिस बरोबर कोपऱ्यात पडली असावी, कारण झाडापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. आमच्या मुलींनी तिला उचललं. चष्मेवालीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दात बरे झालेले दिसतात.
डावखुरी कॅप्टन!
मी पार्किंगमध्ये एकटाच नाचलो. लिहायला हरकत नाही, डोळे भरून आले. धूळ नव्हती.
उद्या बॅग काढून पुसायची.

२३ ऑक्टोबर
विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांचा फोन. मी म्हटलं, माझी कधीही निघायची तयारी आहे. ते म्हणाले, कॅप्टनने मॅडमचं नाव दिलंय.
कोणत्या मॅडम?
तुमच्याच.
मी त्यांना शांतपणे सांगितलं की काहीतरी घोटाळा आहे, माझ्या बायकोला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, मीही हेच म्हटलं, तर मुलगी म्हणाली, सर, म्हणूनच.

२४ ऑक्टोबर
बायको म्हणते, मी नाही म्हणून कळवते. मी म्हटलं, छे, छे, रिवाज म्हणजे रिवाज, तू जा. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा तिने ऐकलं.
वास्तविक मला घरीच बरीच कामं आहेत. थिअरी लिहून काढायची आहे. पुढच्या वर्षीचा प्लॅन करायचाय. बसचा प्रवास मला सोसतही नाही.

३ नोव्हेंबर, सकाळ
त्यांना पोचवायला गेलो. बायको पुढच्या सीटवर, खिडकीशी. पेपरांचा नवा गठ्ठा मांडीवर.
डावखुरी खाली उतरून माझ्याकडे आली. वाटलं, शेवटचे मुद्दे विचारायला. तयारच होतो. पण ती म्हणाली, सर, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम पंचांशी भांडलात ना? बाहेर काढावं म्हणून. तुम्ही समोर असलात की मला दडपण येतं हे तुम्हाला कळलं होतं, पण सरळ उठून गेला असतात तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून. मला आधी कळलंच नाही, सर. मॅडमनी सांगितलं.
मी खिडकीकडे बघितलं. बायको मन लावून पेपर तपासत होती.
मी हो म्हटलं.
डावखुरी म्हणाली, इतकं कोण करतं, सर. तिचे डोळे भरून आले होते. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि ती पळाली.
एरवी घरी येऊन हे लिहून काढलं असतं, की पंचांशी भांडण ही माझी पूर्वनियोजित चाल होती, आणि लिहिता लिहिता मलाही खरं वाटलं असतं. आज तीनदा लिहायला घेतलं. वाटेना.