भाऊबीजेचा मुराळी

महाल, नागपूर
७ ऑक्टोबर १९४६

प्रिय ताई,

तुला उत्तराचा नमस्कार, आणि चंपतराव भाऊजींनाही, कारण हे पत्र तुझ्याआधी तेच वाचणार. भाऊजी, वाचून झालं की ताईच्या हाती द्यावं. मागची पत्रं तिला मिळालीच नाहीत असं दिसतं.

इकडे सारे खुशाल. गणपतरावमामांचा दमा पोळ्यापासून आटोक्यात आहे. मामी येता-जाता माझी उंची दाराच्या चौकटीशी ताडून बघते आणि कपाळाला हात लावते. परवा शेजारणीला म्हणाली, "हिच्या मापाचा नवरा भेटत नाही वं. आता विजेच्या खांबाशीच लगन लावा लागते."

बातमी अशी की बास्केटबॉलच्या प्रांतिक संघात माझी निवड झाली आहे. डिसेंबरात मुंबईला सामने आहेत. रंगूनच्या शाळेमागचं ते गंजकं कडं आठवतं का? तू नेम धरायचीस आणि मी नुसती चेंडू आणून द्यायचे. खरी खेळाडू तू होतीस. मी उंच झाले, एवढंच.

कॉलेजात पहिल्या वर्षी मला नाव नव्हतं. "ती रेफ्युजी", "ती ब्रह्मदेशवाली". बाबा गोदीवरच्या बॉम्बमध्ये गेले, आई वाटेत पटकीने गेली आणि आपण दोघी चालत मणिपूरला पोचलो, हे ऐकायला मुली गोळा व्हायच्या. डबा खायला मात्र एकही शेजारी बसायची नाही. मग मी पहिला सामना जिंकून दिला आणि माझ्या बाकावर गर्दी झाली. त्या दिवशी मी डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, फार ताठा आहे हिला.

आता मुद्द्याचं. लग्न झाल्यापासून तू एकही दिवाळी माहेरी केली नाहीस. यंदा मामा मुराळी पाठवून तुला आणवतील अशी खटपट मी करते आहे. भाऊजींनी नाही म्हणू नये. तुझं मागचं पत्र त्यांच्या अक्षरात होतं. तू विहिरीवर पडलीस आणि हात दुखावला असं त्यांनी लिहिलं आहे. कोणता हात, ते लिहिलं नाही.

सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
उत्तरा


महाल, नागपूर
१९ ऑक्टोबर १९४६

ताई,

हे पत्र पंचफुला कासारणीबरोबर पाठवते आहे. तुला बांगड्या भरताना ती ते पदराआडून देईल. मधे आता भाऊजी नाहीत, तेव्हा शिष्टाचार पुरे झाला.

पंचफुला माल घ्यायला इतवारीत आली होती. काल सकाळी मामीकडे टेकली. मी सहज म्हणून तुझं विचारलं, तर तिने आधी दार लोटून घेतलं. म्हणाली, "डाव्या मनगटाचं हाड वाकडंच बसलं हाये, बाई. मोठ्या मापाची बांगडी आणली तरी हाडापाशी अडकते. दर वेळी जुन्या फुटलेल्या राहते. सासू म्हणते, पोरगी धांदरट हाये, पडते. मी म्हणतो, पडणाऱ्याच्या पाठीवर दांडक्याचे वळ काहून उठतीन वं?"

मग तिने भिंतीपलीकडून ऐकलेलं सांगितलं. भाऊजी मारताना एकच विचारतात म्हणे. ताराचंद कुठी गेला? तुमच्या संगं निघाला होता, तो कुठी गेला?

ताई, बाबांच्या गिरणीतला हा मुकादम आपल्याबरोबर चालत होता, हे त्यांना कळलं कसं? पंचफुला म्हणाली, काटोलच्या बाजारात कुणी ब्रह्मदेशातून आलेला भेटला होता, त्याने सांगितलं. तेव्हापासून भाऊजींच्या डोक्यात तो किडा वळवळतो आहे. लग्नाच्या वेळी वाटेवरून आलेली पोरगी पदरात घेतली म्हणून मिरवले, आणि आता त्या वाटेचा हिशेब दांडक्याने मागत आहेत.

मला इतके दिवस वाटायचं, तू अब्रूच्या भीतीने गप्प बसतेस. काय मूर्ख आहे मी. तू माझ्यासाठी गप्प आहेस. एक शब्द बोललीस तर माझं कॉलेज गेलं, मुंबई गेली, कदाचित आणखीही पुष्कळ काही गेलं. म्हणून तू हाड मोडून घेतलंस. आणि मी इकडे तुला संघात निवड झाल्याची पत्रं लिहीत होते. मला स्वतःची चीड आली आहे.

काल दुपारीच कामठीच्या छावणीतल्या टायपिस्ट मुलींशी सामना होता. मी मैदानात गेले ती डोक्यात तुझं मनगट घेऊन. त्यांची एक दणकट पोरगी पहिल्यापासून कोपराने माझ्या बरगड्या शेकत होती. एरवी मी हसते आणि तिच्या डोक्यावरून चेंडू काढते. काल तिने तिसऱ्यांदा कोपर मारलं आणि मी वळून माझं कोपर तिच्या तोंडावर घातलं. मुद्दाम, ताई. आवाज ऐकू आला. ती मुरमावर बसली, ओंजळीत दोन दात आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त. मला थांबावंसं वाटलं नाही. आमच्या संघातल्या दोघींनी मला मागून धरलं म्हणून ती वाचली. त्या पोरीचा काही दोष नव्हता. तिच्या जागी मला दुसरंच तोंड दिसत होतं.

आमच्या खेळाच्या बाईंनी, प्रेमिलाबाईंनी, मला मैदानाबाहेर काढलं. रागावल्या नाहीत. नळाखाली माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हे या मुलीसाठी नव्हतं. ज्याच्यासाठी होतं त्याचं काय ते बघ. संघाचं मी नंतर बघते."

तेव्हा बघायला मी मामांकडे गेले. सगळं सांगितलं. मामांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. म्हणाले, "तो त्याइच्या घरचा मामला हाये. वाटेवरून आलेली पोरगी त्याइनं करून घेतली. मी कोणत्या तोंडानं बोलू?" मी म्हटलं, मग मुराळी तरी पाठवा, दिवाळीला तरी ती चार दिवस निजेल. तर म्हणाले, औंदा जमत नाही. मामी चुलीपाशी डोळे पुसत म्हणाली, "मुराळी आल्याबिगर लेक उंबरठा कशी ओलांडीन? अन् तुमाले भाऊ नाही, मी काय करू?"

भाऊ नाही. हे वाक्य मी रंगूनपासून ऐकते आहे. आई गेली तेव्हा तिला अग्नी कुणी दिला? त्या ओल्या लाकडांवर आगपेटी संपवली ती तू. मला पदराला बांधून चिंदविन नदी कुणी ओलांडली? तेव्हा भाऊ कुणी मागितला नव्हता.

भाऊबीजेच्या सकाळच्या गाडीने मी नरखेडला येते. मीच मुराळी. पंचफुलाच्या दिराची बैलगाडी ठेशनावर राहील. कपड्यांचं गाठोडं बांधू नकोस, सासूच्या लक्षात येईल. गाडी दारात थांबली की फक्त ओट्यावर ये.

त्या ओढ्याचं मी इथे लिहीत नाही. पत्र कुणाच्याही हाती पडतं.

तू यायला नको म्हणालीस तर मी एकटी परत फिरेन. पण ते तुझ्या तोंडून ऐकेन. भाऊजींच्या अक्षरात नाही.

उत्तरा


सीताबर्डी, नागपूर
२९ ऑक्टोबर १९४६

श्री. चंपतराव यांस,

जबडा बांधला आहे असं कळलं. बोलता येत नसेल, म्हणजे हे पत्र निवांत वाचून होईल.

तुम्ही गावात पाटीवर लिहून सांगता आहात म्हणे की नागपूरहून चार गुंड आले होते. लोकांना ते खरं वाटावंसं वाटतं, मला माहीत आहे. पण तुमच्या दारात मी एकटी होते, आणि अर्धं गाव बघत होतं. विसरला असाल तर पुन्हा सांगते.

मी फाटकाशी उभी राहून म्हटलं, बहिणीला भाऊबीजेला न्यायला आले आहे. तुम्ही हसलात. "मुराळी म्हून बाई? तुमच्याकडचे माणसं मेले का?" मी म्हटलं, हो, मेले. तुम्ही आणखी हसलात. तेवढ्यात ताई ओट्यावर आली. नुसती आली, पायात चपलाही नव्हत्या. तुम्ही वळलात आणि संत्र्याच्या फांद्यांना टेकू द्यायचा तो बांबू उचलून तिच्या त्याच मनगटावर घातलात. माझ्यासमोर. एवढी सवय झाली होती तुम्हाला.

ओट्याच्या कडेला पितळी कळशी होती, अर्धी भरलेली; मी धावत येऊन ती उचलली. आमच्या खेळात एक पास असतो, दोन्ही हातांनी छातीपासून सरळ द्यायचा. सगळ्यात आधी तोच शिकवतात, कारण तो चुकत नाही. पाणी माझ्या अंगावर सांडलं आणि कळशी तुमच्या तोंडावर गेली. तुम्ही खाली बसलात. बांबू मी उचलला होता. मारलंही असतं, पण ताईने माझा पदर ओढला. तुम्ही आज पत्र वाचायला आहात ते तिच्यामुळे. तुमच्या आईने आरडाओरडा केला, शेजारी कुंपणाशी उभे राहिले, आणि कुणीही पुढे आलं नाही. त्यांनाही ऐकू येत होतं ना इतके महिने.

मामांनी आम्हाला घरात घेतलं नाही. आम्ही प्रेमिलाबाईंकडे आहोत, वर पत्ता दिला आहे. डॉक्टरांनी ताईचं हाड पुन्हा मोडून नीट बसवलं. ती ओरडली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. ताराचंद कुठे गेला.

ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या टामूच्या पुढे एक ओढा लागतो. आईला जाळून आम्हाला दोन दिवस झाले होते. ताई संध्याकाळी पाण्याला उतरली. ताराचंद बाबांच्या पंगतीला जेवलेला माणूस, आम्हाला बेटा म्हणायचा, आमचा तांदूळ तोच उचलून चालायचा. तो तिच्या मागून उतरला. मी हाक ऐकून धावले तेव्हा त्याने तिला चिखलात दाबलं होतं. ओढ्यात दगडांना तोटा नव्हता. मी पंधरा वर्षांची होते. पहिला दगड त्याच्या कानामागे बसला. तो उठला, माझ्याकडे वळला, आणि मी दुसरा घेतला. तो पडल्यावरही मी थांबले नाही. त्याचं तोंड ओळखू येईना तोवर थांबले नाही. त्याला पाण्यातच सोडून आम्ही पुढे चालत राहिलो.

म्हणजे खून मी केला. तुमच्या बायकोने नाही. तिला तुम्ही माझ्यापायी मारत होतात आणि तिने तोंड उघडलं नाही. मुंबईची गाडी ८ डिसेंबरला आहे. बाईंनी माझं नाव काढलं नाही. त्या दात गेलेल्या मुलीने तक्रार केली नाही म्हणून. तुम्हाला करायची असेल तर त्याआधी करा. फौजदाराला हे पत्र दाखवा, माझं अक्षर कॉलेजात कुणीही ओळखेल. मुंबई गेली तर मी रडेन, पण हे खोडणार नाही.

मी पोचण्याआधी त्या चिखलात काय झालं, किती झालं, हे तुम्हाला हवं आहे. रोज तेच विचारत होतात. ते या पत्रात नाही. ते विचारायचा हक्क तुम्हाला कधीच नव्हता.

ताई शेजारी बसली आहे. आतापर्यंतचं सगळं तिला वाचून दाखवलं. तिने पत्र मागून घेतलं आहे, तिला काही लिहायचं आहे म्हणते. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा चांगला आहे.

उत्तरा

दुसरा दगड तिच्या हातात मी दिला. तिसरा मी मारला. फौजदाराला दोन्ही नावं सांगा. मी परत येणार नाही.

वच्छला