दोन संध्याकाळचं खाद्य

ता. ९ मार्च, सकाळ

चि. टिटवे,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे बरे आहेत, माझी बडबड तशीच आहे. दोन वर्षांनी बापाचं पत्र पाहून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहोत, मासेसुद्धा.

माशांचंच सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी मोठ्या तळ्यातले मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. कविता पाठ न झालेली मुलं फळ्याकडे बघत नुसते ओठ हलवतात ना, तशी. एरवी उपमा सुचली म्हणून तिथेच रमलो असतो. या वेळी धावत तुझी पाणी तपासायची पेटी काढली. नळीत थेंब टाकले, तर पाणी गडद हिरवं! अमोनिया, उरलेलं खाद्य कुजून होणारं विष.

"टिटवीची वही आण," मी आईला म्हणालो.

"दोन वर्षं पोरीचं नाव काढलं नाहीत, आणि आता वही?"

"टोमणे नंतर मार गं, आधी वही!"

तू लिहिलंयस तसं केलं. खाद्य बंद. पाणी थोडं थोडं बदललं, हवेचे पंप चालू ठेवले, खारं पाणी बेताबेताने सोडलं. खाली रेघ मारून लिहिलंयस, 'माफक खारेपणात या माशांना अमोनिया कमी बाधतो. पण मीठ अमोनिया काढून टाकत नाही. बाबा, खाद्य आवरा.' चौथ्या दिवशी मासे खाली गेले.

खाद्य. तुला माहीत आहे, मी ते मापून टाकत नाही. शाळेतल्या कविता म्हणत टाकतो, ओळीला एक मूठ. तू हसायचीस, "निदान चार ओळींची तरी निवडा!"

तू गेलीस त्या वर्षीही अमोनिया वाढला होता. तू खारं पाणी सोडलंस आणि बजावलंस, दोन दिवस खाद्य नाही. तिसऱ्या सकाळी मासे उताणे तरंगले, आणि मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो, "हिच्या मिठाने मारले." तू बॅग भरलीस.

आता लिहितोच. त्या दोन्ही संध्याकाळी मी तळ्यावर गेलो होतो. मासे उपाशी, मला राहवेना. सोळा कडव्यांची कविता अख्खी म्हटली. शेवटची दोन कडवी आठवेनात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. टिटवे, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. तुझ्याकडे बोट दाखवताना माहीत होतं.

काल त्याच कामगारांना बांधावर बोलावून सांगितलं. पंपवाला मान खाली घालून म्हणाला, "काका, त्या दोन दिवसांतली खाद्याची रिकामी पोती आम्हीच उचलली होती." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तुझ्या बाजूने कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "ताईंना बोलवा. त्यांचं चुकलं नव्हतं, आमचं चुकलं."

लहान तळं धुऊन ठेवलंय. पिल्लं पुढच्या महिन्यात यायची आहेत. पाणी किती खारं, खाद्य किती, सगळं तू ठरवायचंस. यायचं की नाही, तेही. आलीस, तर तू हाक मारल्याशिवाय मी बांधावर पाऊल ठेवणार नाही.

चूक माझी, सहीही माझी,
बाबा