दांडीचा बोल्ट

१४ नोव्हेंबर १९७६, रविवार

थुंकीनं चिकटवलेला जोड म्हणे! अजून तेच. मी जोडलेला ट्रॉलीचा हूक तुटून चार वर्षं झाली. मी बोटीवर चढून जपानात येऊन पडलो, तरी दादाच्या पत्रात तोच हूक. सोरेगावच्या रस्त्यावर ऊस सांडला, मान्य. पण माणूस मेलं का? जनावर मेलं का? न्हाई ना. तरी महिपतीदादानं शेडमधल्या सगळ्या कामगारांपुढं माझ्या हातातला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला. "ह्याचा जोड म्हंजी थुंकी लावल्याली. जोत्या, तू गेटाला रंग दे."

दोन वर्षं रंग दिला. लोकांच्या खिडक्या, लोकांचे जिने. सख्खा भाऊ वेल्डिंग करतोय आणि मी ब्रश घेऊन मागं. मग मामानं मुंबईच्या गोदीत ओळख लावली आणि निघालो.

आताच्या पत्रात काय, तर परत येऊन स्वतःचा वेल्डिंगचा सेट टाकणार म्हणतोस, आधी धरणारा जोड मारून दाखव, मग बोल. दाखवतो की. तुझ्या शेडच्या समोरच शेड टाकतो. पैसा जमतोय. कॅप्टनच्या वहीत माझ्या नावापुढं दर महिन्याला पडतो, मी हात लावत नाही. विडीसुद्धा जहाजावरच्या धर्मपालची ओढतो.

१६ नोव्हेंबर

इंजिनाचा भाग यायचाय. जहाज गोदीला बांधलेलं. काम नाही. पाऊस, थंडी.

२० नोव्हेंबर, शनिवार

आज एक तमाशा बघितला!

संध्याकाळी गोदीच्या फाटकाबाहेर उभे होतो. रस्त्यानं पंचवीस-तीस मोटारसायकली आल्या. आवाज असा की भोंगा बरा. आमच्या सोलापुरात एखाद्या डॉक्टरकडं नाहीतर बागायतदाराकडं एक राजदूत, तीही पुसून ठेवलेली. हितं एकोणीस-वीस वर्षांची पोरं साडेतीनशेच्या होंडावर! आणि केलंय काय गाडीचं? हँडल उचलून छातीपर्यंत. सीटची पाठ डोक्याच्या वर. आणि मागं, कॅरियरला, एक उभी दांडी. माणूस-दीड माणूस उंच. तिला झेंडा. झेंड्यावर ही मोठी अक्षरं.

धर्मपालला विचारलं, कुठल्या पार्टीचे? निवडणूक हाय का? तो हसला. "पार्टी न्हाय बे. शौक हाय."

शौक! देव नाही, देऊळ नाही, पुढारी नाही. नुसती दांडी मिरवायची. आमच्याकडं गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची काठी उचलतात. महिनाभर आधी सराव, कमरेला पट्टा, अंगात बाराबंदी, आणि ती एवढाली काठी एकटा माणूस तोलून चालतो. गळ्याच्या शिरा दिसतात त्याच्या. आणि ह्यांची काठी गाडी उचलते, हे बसून असतात. केसांना आकडे पाडलेत, डोळ्यावर काळे चष्मे, तेही अंधार पडल्यावर. ठेचा खंडीभर, ताटात भाकरी न्हाई!

२१ नोव्हेंबर

त्यातला एक ओळखीचाच निघाला. फाटकाबाहेर शेवयांच्या रश्शाचं दुकान आहे, तिथल्या बाईचा मुलगा. मासारु नाव. बाप नाही. बाई एकटी भट्टीपुढं उभी असते, धर्मपाल तिला मावशी म्हणतो. धर्मपाल आमच्या जहाजावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. कुर्डुवाडीचा, बाप रेल्वेच्या वर्कशॉपात. त्याची ही जपानची चौथी खेप, मोडकंतोडकं बोलतो. पहिल्या खेपेला म्हणे बुद्धाचं देऊळ दिसलं म्हणून तास-तास बसायचा. आता म्हणतो, हितले लोक पण आपल्यासारखेच, देवळात जाऊन पास व्हायचंच मागतात.

मासारु दिवसभर त्याच गाडीवरून गिऱ्हाइकांना वाडगे पोचवतो. आणि शनिवारी झेंडा! आई चुलीपुढं, पोरगा दांडीपुढं. माझ्या आईनं मला उलथनं फेकून मारलं असतं.

५ डिसेंबर

रश्शात शेवया आणि अर्धं अंडं. वर लाल तिखट टाकायला मागितलं तर मावशीनं चिमूटभर दिलं. चिमूटभर!

१२ डिसेंबर, रविवार

मासारु दुकानात कॅरियर सुटं करून घेऊन बसला होता. धर्मपालनं त्याला सांगितलेलं दिसतंय की हा जहाजावर फिटरचा मदतनीस आहे, जोडकाम येतं. त्यानं माझ्यापुढं ठेवलं.

बघितलं आणि हसूच आलं. एवढा झेंडा, एवढा डौल, आणि खाली काय? कॅरियरला एक बिजागरी. तिच्यात ती दांडी उभी करायची, दांडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी. आणि ती मागं पडू नये म्हणून आडवा एक बोल्ट. एकच! काडीएवढा! तो तुटला होता. मासारुला तसाच दुसरा बसवून हवा होता, आणि बिजागरी वाकली होती तेवढी सरळ करून.

मी म्हणालो, हे जपानी. एवढी जहाजं बांधतात आणि दांडीला काडी लावतात. जोड म्हणजे कसा हवा ते दाखवतो ह्याला. कॅरियर घेऊन आलो.

१४ डिसेंबर

फिटरसाहेबांची परवानगी काढली. बिजागरी कापून फेकली. भंगारातला बॉयलरचा पाईप घेतला, जाड, चांगला साडेआठ फूट. कॅरियरला सरळ उभा जोडला आणि चारी बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या. रॉड एकसारखा फिरवला, कुठं भोक नाही, कुठं मळी नाही. जोड असा आला की पाठीवर माशाचे खवले असावेत तसा. गार झाल्यावर दहा पौंडी हातोडा घातला. हातोडा उडाला!

धर्मपाल बघत होता. म्हणाला, "बोल्ट कुठाय?"

"बोल्ट लागतच न्हाई."

"त्यानं बोल्टच सांगितला होता की बे."

"त्याला काय कळतंय? वाडगे पोचवणारा."

१५ डिसेंबर

कॅरियर दिलं. मासारुनं बुडाशी बोटं फिरवली, भोक शोधत होता. काहीतरी बोलला. धर्मपालनं सांगितलं, विचारतोय की ही दांडी पडणार कशी? मी म्हणालो, सांग त्याला, पडणारच न्हाई. मग त्यानं गाडीला बसवून दांडी हलवून बघितली. गाडीच हलली, दांडी नाही! त्याचे चार सोबती आले. एक तर माकडासारखा लोंबकळला. पाईप जागचा हलला नाही. मग सगळेच टाळ्या वाजवायला लागले. मासारुनं कमरेत वाकून नमस्कार केला मला. दोनदा.

मावशीनं आज पैसे घेतले नाहीत. मूठभर तिखट दिलं.

रात्री दादाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, खवल्यांसकट. लिहिलं, जपानात माझ्या जोडावर माणूस लोंबकळतो. थुंकी म्हणत होतास ना?

२५ डिसेंबर

कॅप्टनकडून केकचा तुकडा. कोरडा.

३० डिसेंबर

एक तारखेला पहाटे हे झेंडेवाले सगळे मिळून समुद्रावर जाणार, वर्षाचा पहिला सूर्य बघायला. सूर्य बघायला दांडी कशाला लागते? आमचा सूर्य तर रोज फुकट उगवतो, वर चटकेही देतो.

मासारुनं नवा झेंडा शिवून घेतलाय. आईकडून! ती बिचारी दुकान आवरून शिवत बसली होती. जांभळं कापड, पिवळी झालर. धर्मपाल म्हणतो, सगळ्यात पुढं त्याची गाडी राहणार. दांडी सगळ्यांत उंच म्हणून. माझी दांडी. म्हणजे माझ्यामुळंच की.

१ जानेवारी १९७७, शनिवार

मासारु दवाखान्यात आहे.

सकाळी धर्मपाल धावत आला. पोलिसांनी मोठा रस्ता अडवला होता, म्हणून हे सगळे गोदामांमागच्या गल्लीत वळले. तिथं रेल्वेचा ठेंगणा पूल आहे. वळताना दोघं मासारुच्या पुढं गेले. त्यांच्या दांड्या पुलाला लागल्या, मागं आडव्या पडल्या आणि ते हसत पलीकडं गेले. मग मासारुची लागली. पुढचं चाक वर उठलं, गाडी उलटी त्याच्या अंगावर आली.

मूर्ख! डोळे कुठं होते? कुणी सांगितलं होतं पुलाखालून जायला? पहिला सूर्य म्हणे!

२ जानेवारी

गाडी बघायला गेलो. दुकानामागं आणून टाकलीय. पाईप मधून वाकलाय, धनुष्यासारखा. टाकी चेपली. मी खाली बसून जोड बघितला. केसभर तडा नाही. चारी पट्ट्या जागच्या जागी.

खोटं कशाला लिहू? बरं वाटलं मला. म्हटलं, दादानं हे बघायला हवं होतं.

६ जानेवारी

मासारुची कंबर मोडली. पायांना काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, बसता येईल. चालता नाही.

दुकान बंद.

९ जानेवारी, रविवार

आज दुकान उघडलं. धर्मपाल म्हणाला, चल, जायला पाहिजे. मला जायचं नव्हतं. पण माझा काय दोष? मी जोड मारला. दादा सारखा तोच हूक माझ्या तोंडावर मारतो, कारण तो तुटला. हा तर तुटला नाही! मग कुणाच्या बापाची भीती? गेलो.

मावशीनं वाडगे भरले. त्याच शेवया, तेच अंडं. मग आतून पत्र्याचा एक डबा आणला आणि माझ्यापुढं ठेवला. धर्मपालनं सांगितलं, मासारुची हत्यारं आहेत, आता त्याला लागायची नाहीत, तू कारागीर आहेस, तुला घे म्हणते.

डबा उघडला. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, आणि एका कागदात गुंडाळलेले बोल्ट. तेच. काडीएवढे. नवे नऊ. आणि कागदाच्या दुसऱ्या घडीत तुटलेले, पाच.

पाच वेळा त्याची दांडी कशाला तरी लागली होती. पाच वेळा बोल्ट तुटला, दांडी पडली आणि तो घरी आला. म्हणून डझनानं आणून ठेवले होते.

धर्मपालनंही बघितलं. त्यानं कागद परत गुंडाळून डब्यात ठेवला.

१० जानेवारी

झोप नाही. तुटण्यासाठीच होता तो. हे कुणी सांगायचं? त्यानं सांगितलं होतं. दांडी पडणार कशी विचारलं होतं. मी काय म्हणालो ते वर लिहिलंय, मागं वळून वाचवत नाही.

१३ जानेवारी

सोलापुरात आज काठ्या निघाल्या असतील.

धर्मपालला म्हणालो, माझ्याबरोबर चल, मावशीला सांगायचंय, तू जपानीत सांग. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "शेवया मागायच्या असत्या तर सांगितलं असतं. हे तुझं तू सांग."

"मला येतंय का त्यांचं?"

"मग तसंच जा."

१६ जानेवारी, रविवार

गेलो. एकटा. गिऱ्हाईक नव्हतं. डबा पुढं ठेवला. एक नवा बोल्ट काढला, एक तुटका काढला. तुटका दाखवून हात आडवा पाडला, दांडी पडते तसा. मग नवा दाखवला, डोकं हलवलं आणि हातानं वेल्डिंग करून दाखवलं. मग छातीवर हात ठेवला. मी. वातासी. एवढा एक शब्द धर्मपालकडून पाठ करून गेलो होतो.

ती बघत राहिली. मला वाटलं, मारेल. मारावं असं वाटत होतं. तिनं माझ्या हातातला बोल्ट घेतला, कागदात ठेवला, डबा बंद केला आणि उचलून आत नेला. मग बाहेर येऊन वाडगे धुवायला लागली. माझ्याकडं पाठ करून. मी उभाच होतो. सगळे वाडगे धुवून झाल्यावर तिनं दिवा मालवला, म्हणून निघालो.

२० जानेवारी

इंजिनाचा भाग आला, बसवला. मंगळवारी जहाज सुटणार.

दादाचं पत्र आलं. पहिल्यांदाच शिव्या नाहीत. दोनदा वाचलं. लिहितो, "तुजा जोड लोकांला लोंबकळाय देतो हे वाचून लई बरं वाटलं. शेडमदी सगळ्यांला वाचून दाखवलं. हुकाचं मी जास्तच बोललो. समोर कशाला, माज्या शेडची अर्धी जागा तुजी. पैसे धाड, सेट बुक करतो, दोन होल्डर लावू."

चार वर्षं ज्या पत्राची वाट बघितली ते हे. हातात धरवत नव्हतं.

२४ जानेवारी, सोमवार

उद्या जहाज सुटतं. दादाला लिहिलं, सेट बुक करू नको. का ते लिहिलं नाही. कॅप्टनच्या वहीतलं सगळं काढलं, कारकुनानं दोनदा विचारलं, सगळं? पोस्टात मनीऑर्डरच्या कागदावर मावशीचं नाव, दुकानाच्या पाटीवरून उतरवून आणलेलं, बघून बघून काढलं. एक लाख बेचाळीस हजार येन.